पहिला इंच नसलेली टेप

माझी धाकटी बहीण कुणाच्याही घरी गेली की आधी खिडक्या बघते, मग माणसं. माझ्या लग्नात नवरीकडे बघायच्या आधी तिनं हॉलची तावदानं मोजली होती, आणि आमची ही मला ते अजून ऐकवते. तिला सगळे मुंगी म्हणतात. अंगानं एवढीशी, आणि एका जागी दोन मिनिटं टिकली तर मला सांगा. काचेचं दुकान तिचं. या शहरात तिच्यासारखी काच कापणारं दुसरं कुणी नाही. मोठा भाऊ आहे म्हणून बोलतो असं समजू नका. बरं, समजा. पण खोटं नाही.

मी स्वतः पाट्या रंगवतो. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर असं की शिकलेले लोक रस्त्यात थांबून बघायचे. बाजारातल्या निम्म्या दुकानांवर माझा हात होता. वादळानं सगळा बाजार एका दुपारीत उतरवला. छत्रीवाल्याची माझ्या हातची पाटी चार मैलांवर एका झाडात अडकलेली सापडली. फांदी मोडली होती, पाटीवरच्या रंगाचा टवका उडाला नव्हता. मी मुद्दाम चालत जाऊन बघून आलो.

पण जिथं भिंत नाही तिथं पाटी कोण लावणार? म्हणून मी मुंगीच्या दुकानात जायला लागलो. शिडी धर, चौकटीतली जुनी लांबी खरवड, नवी लांबी मळ. लांबी म्हणजे काच बसवल्यावर कडेनं भरतात ती पांढरी, कणकेसारखी. लोक विचारायचे, "काय हो, बहिणीच्या हाताखाली?" मी म्हणायचो, "हाताखाली नाही, पाठीशी."

तीन महिने झाले होते वादळाला. पाणी उतरलं, झाडं कापून झाली, पण शहराला काही चैन नव्हतं. फुटक्या खिडक्यांवर सगळ्यांनी प्लास्टिक ठोकलेलं, आणि ते दिवसभर फडफडायचं. वारा नसला तरी फडफडतंय असं वाटायचं. बोलता बोलता माणूस मध्येच थांबून छताकडे बघायचा. चौकातले सिग्नल बंद, त्यामुळे प्रत्येक गाडी हॉर्न दाबूनच जायची. फुटपाथवर भिजलेल्या गाद्या आणि दोरीनं दार बांधलेले फ्रिज. ते फ्रिज कुणी उघडत नव्हतं, वासानंच कळायचं काय आहे आत. माझंही तेच. बसलो की उठायचो, उठलो की कुठं जायचं होतं ते विसरायचो. आमची ही म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी बांधलीय का? एक तर बसा, नाहीतर जा."

मुंगी मात्र जात्याच तशी. वादळानं तिच्यात काही बदल केला नाही, बाकी शहरच तिच्यासारखं झालं.

दुकान आमच्या बाबांचं. बाबांची एक पोलादी टेप आहे, आणि तिचा पहिला इंच आमच्या जन्माआधीच तुटलाय. शून्य तिच्यावर नाहीच, ती एकपासून सुरू होते. नवीन माणूस बघून हसतो. पण आमचं काही अडत नाही, कारण माप त्याच टेपनं घ्यायचं आणि काचही त्याच टेपनं कापायची. टेप चोवीस म्हणाली तर असतात तेवीसच, पण चौकटीपाशीही तेवीस आणि टेबलावरही तेवीस. काच बरोबर बसते.

मग बदलत का नाही? तर वहीमुळे. बाबांना आकडे येत होते, अक्षरं नव्हती. चाळीस वर्षं ज्या ज्या घरात काच बसवली त्याचं माप त्यांनी एका जाड वहीत उतरवलं, आणि नावाच्या जागी चित्र. न्हाव्याच्या घराला कात्री, शिक्षिकेच्या घराला चष्मा, एका चिडक्या गिर्‍हाईकाला नुसती भुवई. सगळी मापं त्या तुटक्या टेपची. टेप बदलली की वही रद्दी.

वादळाच्या आदल्या संध्याकाळी लोकांनी दागिने बांधले, कागद बांधले. मुंगीनं वही आणि टेप डब्यात घातली, डबा मेणकापडात गुंडाळला आणि पोटाला बांधला. आमचे मेहुणे, म्हणजे तिचा नवरा, म्हणाले, "आणि मला?"

"तुला पोहता येतं," ती म्हणाली.

त्या वहीनं वादळानंतर कमाल केली. माणूस दुकानात येऊन रडकुंडीला येऊन सांगायचा, घरात जाता येत नाही, जिन्यावर झाड पडलंय, माप कसं देऊ? मुंगी पान उलटायची, "स्वयंपाकघराची ना? एकोणीस बाय तीस," आणि तो उभा असतानाच काच कापून द्यायची. अशी दुसरी बाई दाखवा मला.

पण मेहुण्यांचा ट्रक पाण्यात गेला आणि त्यांच्या घराचं छप्पर कुठं गेलं ते आजतागायत कळलं नाही. मेहुणे कामासाठी दुसर्‍या शहरात गेले, एका मोठ्या काचेच्या गोदामात. तिथं खोली मिळाली. मुंगी आमच्याकडे राहायला आली. रोज संध्याकाळी फोन.

"इथं काच कापायचं मशीन आहे," मेहुणे म्हणायचे. "तुला नुसतं बटण दाबायचं."

"मग मी कशाला हवी? बटण दाबायला तू आहेस की."

हसायची, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ प्लास्टिककडे बघत बसायची. एवढं मला कळत होतं.

मग प्रसूतिगृहाचं काम आलं. जुनी तीन मजली इमारत, एकही खिडकी धड नाही. मेट्रनबाई उंच, चप्पल न वाजवता चालणारी, तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा हळू बोलतात. तिनं मुंगीला सांगितलं, "तळमजल्याची छत्तीस तावदानं शनिवार संध्याकाळपर्यंत. नीट झाली तर वरचे दोन मजलेही तुझे. नाही झाली तर बाहेरगावचा ठेकेदार तयार आहे, तो सगळंच अॅल्युमिनियमचं करतो म्हणतो."

दोन मजले म्हणजे वर्षभर पुरेल एवढी कमाई. त्या संध्याकाळी मुंगीनं माझ्यासमोरच मेहुण्यांना सांगितलं, "हे मिळालं तर तू इकडे ये. नाही मिळालं तर रविवारच्या बसनं मी तिकडे येते. कायमची."

माझ्या हातातला चहा निवला. मी म्हणालो, "मिळणारच. मी आहे ना." दुसरं काय म्हणणार? ती गेली तर दुकान जाणार, वही जाणार, बाबांची टेप तिच्या पिशवीत बसून जाणार. आणि सकाळी सकाळी 'दादा, शिडी' म्हणून ओरडणारं कुणी राहणार नाही. पण हे मी बोललो नाही. मला असलं बोलता येत नाही.

काचेचा ट्रक सोमवारी यायचा तो बुधवारी आला. दोन दिवस असेच गेले. मुंगी टेबलाभोवती फिरत होती, मी रस्त्यावर. ट्रक दिसल्याबरोबर मी म्हणालो, "असं करू. तू इथं काचा उतरवून घे, हातातली किरकोळ कामं संपव. मी जाऊन छत्तीसच्या छत्तीस मापं घेऊन येतो. तू कापायला लाग."

"टेप इथं लागेल मला," ती म्हणाली.

"टेपची काळजी नको. आहे माझ्याकडे."

मदतीच्या गाडीतून अवजारांच्या पेट्या वाटल्या होत्या, त्यात मला एक नवी टेप मिळालेली. पिवळीधमक, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. महिनाभर खिशात घेऊन फिरत होतो, मोजायला काही नव्हतं म्हणून आमच्या हिची उंची दोनदा मोजली होती.

एका सकाळीत छत्तीस तावदानं मापली. जुनी इमारत, दोन चौकटी सारख्या नाहीत. व्हरांड्यात ओळीनं खाटा, बायका बाळांना शालीत गुंडाळून वार्‍याकडे पाठ करून बसलेल्या. प्रत्येक माप मी पुठ्ठ्यावर असं लिहिलं की मेट्रनबाई वाकून म्हणाली, "छापल्यासारखं अक्षर आहे."

"छापलेलं असं नसतं बाई," मी म्हणालो.

गुरुवारी दिवसभर मुंगीनं काच कापली. तिला कापताना बघायला हवं. टेबलावर घोंगडी, त्यावर काच, आणि ती पायाच्या बोटांवर उभी. कटर रॉकेलच्या वाटीत बुडवायचा, पट्टी धरायची आणि एकाच ओढीत रेघ. चर्र असा एकच आवाज. रेघेखाली हलकेच टकटक केलं की काच आपण होऊन दुभंगायची. छत्तीसांत एकही वाया गेली नाही. मी रस्त्यावरच्या माणसांना बोलावून दाखवत होतो.

"दादा, जत्रा नको भरवू," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी पहिली काच लावायला घेतली. मी शिडी धरली, मुंगी वर. तिनं काच चौकटीत टेकवली, आणि काच चौकटीतून पलीकडे निघाली. तिनं गुडघ्यानं अडवली म्हणून वाचली. दुसरी काच घेतली. तीही तशीच. तिसरी तिनं नुसती धरून बघितली. आडवीत एक इंच कमी, उभीत एक इंच कमी.

शिडीवरून माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, टेप बघू."

मी पिवळी टेप दिली. तिनं जीभ बाहेर ओढून सुरुवात बघितली. शून्य होतं. स्वच्छ, नवं, काळं शून्य.

मी खर्‍या इंचात चोवीस लिहिलं होतं आणि तिनं बाबांच्या टेपनं चोवीस कापलं होतं. म्हणजे तेवीस. छत्तीसच्या छत्तीस. एवढी वर्षं मी त्या टेपच्या घरात वाढलो, कुणाला हसू दिलं नाही तिला, आणि मीच विसरलो.

तेवढ्यात मेट्रनबाई आली. मागे तो ठेकेदार, हातात वही. "काय झालं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण व्हरांड्यातल्या सगळ्या बायका बघत होत्या, छापल्यासारखं अक्षर म्हणणारी समोर उभी होती, आणि मी ते परत मिटलं.

मुंगी खाली उतरली. "कापताना माझा हात चुकला. सगळ्या एक इंच लहान झाल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ठेकेदार म्हणाला, "मी आज दुपारीच सुरू करू शकतो."

मेट्रनबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मुंगीला म्हणाली, "शनिवार संध्याकाळ म्हणजे शनिवार संध्याकाळ. तीन महिने मी बाळं वार्‍यात ठेवलीत."

परत येताना आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चालत होतो. पुढचा काचेचा ट्रक दहा दिवसांनी. मुंगी इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली. मध्येच थांबली.

"चौकटीत चौकट," ती म्हणाली. "अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी चारी बाजूंनी. काच तिच्यात बसवायची. फक्त लाकूड कोरडं हवं. ओलं लावलं तर वाळताना पीळ खाईल आणि काच तडकेल."

सुताराकडे गेलो. तो दारातच भुशात बसलेला. म्हणाला, "बाई, या शहरात कोरडं लाकूड फक्त माझ्या डोक्यात उरलंय. परवा दिलेली दारं बघ, केळ्यासारखी वाकलीत."

मुंगी तिथल्या ओंडक्यावर बसली. मुंगी बसली! तेव्हा मला कळलं की तिनं मनातल्या मनात पिशवी भरायला घेतलीय.

मी म्हणालो, "तू का म्हणालीस हात चुकला म्हणून?"

"मी रविवारी गेले तर माझं नाव माझ्याबरोबर जाईल. तुला इथंच राहायचंय, दादा. शिडीवर चढून लोकांना तोंड दाखवायचंय."

मी घरी आलो आणि माळ्यावर चढलो.

माळ्यावर माझ्या नमुन्याच्या फळ्या होत्या. सात. चांगलं जुनं लाकूड, वीस वर्षं पत्र्याखाली वाळलेलं, वादळात आमचा माळा कोरडा राहिला होता. एकेका फळीवर अक्षराचं एकेक वळण. जाड, बारीक, सावलीचं, सोनेरी कडेचं. गिर्‍हाईक यायचं, फळ्यांपुढे उभं राहायचं आणि बोट ठेवायचं, हे द्या. सोनेरी फळीपुढे एकदा बाबा उभे होते. म्हणाले, "वाचता येत नाही मला, पण बघत राहावंसं वाटतं." बाबा कौतुकाचं बोलले ते तेवढंच.

"माळ्यावर काय करताय?" आमची ही खालून.

"शिडी धर."

तिनं वर बघितलं, फळीची कड दिसली, आणि काही न बोलता शिडी धरली. नाहीतर ती बोलल्याशिवाय राहणारी नाही.

फळ्या हातगाडीवर घालून मी प्रसूतिगृहात नेल्या. तिथं जनरेटर होता, सुताराला करवत तिथंच लावायला सांगितली आणि मुंगीला बोलावलं. मुंगीनं फळ्या बघितल्या आणि मागे सरली.

"दादा, ह्या नको."

"लाकूड आहे. कोरडं आहे. चीर म्हणावं."

"खोटं बोलतोयस."

"मी काहीच बोलत नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा कमी बोलतोय, तर बोलू दे."

सुतारानं पहिली फळी करवतीला लावली. मी बाहेर गेलो. मग आत आलो. मग परत बाहेर. शेवटची सोनेरी फळी मात्र मी स्वतः हातात धरून करवतीत सरकवली. ती दुसर्‍याच्या हातून नको वाटलं.

शुक्रवारी दुपारपासून शनिवारी चारपर्यंत आम्ही तिघं जेवायलासुद्धा बसलो नाही. सुतार पट्ट्या कापतोय, मी खिळे मारून लांबी भरतोय, मुंगी काच बसवतेय. एकेक खिडकी बंद होत गेली तसा एकेक फडफडाट बंद होत गेला. शेवटची काच बसली तेव्हा वॉर्डात एवढं शांत झालं की एका बाईनं दचकून बाळाच्या छातीला कान लावला.

मेट्रनबाई आली. प्रत्येक खिडकीच्या कडेनं तिनं उलटा हात फिरवला, वारा लागतो का बघायला. छत्तीस खिडक्या. घाई नाही. आमची मुंगी एका पायावरून दुसर्‍यावर. ठेकेदार दारात. मग मेट्रनबाई एका पट्टीपाशी थांबली. पट्टीवर सोनेरी कडेचं अर्धं अक्षर राहिलं होतं.

"ही पट्टी कशाला? ठरलेली नव्हती."

मुंगी म्हणाली, "माझा हात..."

"हिचा हात कधी चुकत नाही," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच आलं. "माप मी घेतलं. घरची टेप सोडून दुसरीच टेप वापरली. चूक माझी. काल ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी उभा राहून ऐकलं."

सुतार करवतीचं पातं पुसायला लागला, पुसलेलंच पुसत राहिला. माझे कान तापले होते. पण खरं सांगतो, त्या गुळगुळीत फरशीवर तीन महिन्यांत पहिल्यांदा माझे पाय जागेवर उभे राहिले.

मेट्रनबाई म्हणाली, "चूक कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. वारा येत नाही." आणि मुंगीला म्हणाली, "सोमवारी पहिल्या मजल्यावर या. मापं कोण घेणार?"

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. "हाच. दुसरं कोण घेणार? मला शिडीवर चढून माप घेईपर्यंत वर्ष जाईल."

ठेकेदार वही मिटून गेला.

बाहेर पायरीवर मुंगीनं मेहुण्यांना फोन लावला. "ये," म्हणाली. "लांबी मळायला माणूस हवाय. बटण नाहीये त्याला, हातानंच मळावी लागेल." पलीकडून मेहुणे काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ती हसली, आणि फोन ठेवल्यावर प्लास्टिककडे बघत बसली नाही.

"दादा, ती टेप दे."

मी पिवळी टेप दिली. मला वाटलं गटारात टाकते. तिनं सुताराच्या पेटीतून पत्रा कापायची कात्री काढली, टेपची जीभ ओढली आणि एकच्या खुणेवर नेम धरून कचकन पहिला इंच कापला. माझी नवीकोरी टेप! मी ओरडलोच.

"ओरडू नको. आता दोन्ही सारख्या झाल्या. एक तुझ्याकडे, एक टेबलावर. वहीतलं मापही चालेल, तू घेतलेलंही चालेल." कापलेला तुकडा तिनं माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. "घे. तुझा इंच."

सोमवारी मी पहिल्या मजल्याची मापं घेतली. बेचाळीस तावदानं, एका सकाळीत. अशी मापं घेणारा दुसरा माणूस शहरात नाही. तो तुकडा अजून खिशात आहे, वाकलो की टोचतो. तळमजल्यावर कुणी नातलग बाळ बघायला आलं की मी त्यांना दाराजवळच्या चौथ्या खिडकीपाशी नेतो. उजवीकडच्या पट्टीवर खाली बघा, सोनेरी कड दिसेल. ती माझी.